देवस्थानातल्या जुन्या पलटणी बंदुका: यातला नंबर नेमका कुठला?

खारवाट

सावंतवाडी तालुक्यातल्या एका देवस्थानाची मालमत्ता नोंदवही नव्याने लिहायची आहे. दसऱ्याला शस्त्रपूजनात मांडतात त्यात तीन बंदुका आहेत. जुन्या वहीत एकच ओळ सापडते: 'बंदुका नग ३, नं. ४७, नं. ११२, एक बिननंबरी.'

वरवर दिसतं ते असं:

१) बोल्टची. दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती, तिच्यावर खालच्या ओळीत ४७. नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात झाकलेली. गंज बराच.

२) खाली तरफ ओढली की उघडणारी, एकावेळी एकच काडतूस घेणारी. उजव्या बाजूला मुकुट, व्ही.आर., एनफिल्ड, १८८१, रोमन तीन आणि एकटा १. दस्त्याच्या लोखंडी तळपट्टीवर ११२.

३) ठासणीची (दारू-गोळी तोंडातून ठासायची), कॅपच्या टोपीवर उडणारी. लॉकच्या पत्र्यावर मागच्या पायांवर उभा सिंह. आकडा कुठेच नाही.

नोंदवहीत कुठला नंबर घालायचा? आणि त्या नंबरवरून बंदूक कुठून आली हे कळतं का?

लोहारसाळ

नंबर मागाहून. तिसरी भरलेली नाही ना, ते आधी बघा. ठासणीच्या बंदुकीत जुना बार वर्षानुवर्षं तसाच राहिलेला असतो. टोपी नाही म्हणजे बंदूक रिकामी, असं समजू नका.

नळीचं तोंड मोकळ्या जागेकडे करा, तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही. लाकडाचा किंवा वेताचा सरळ गज हलक्या हाताने आत टेकेपर्यंत सोडा. लोखंडी गज नको. तोंडाशी गजावर खूण करा, गज बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून धरून बघा. रिकाम्या नळीत गज निपलच्या (टोपी बसवतात त्या बोंडीच्या) अलीकडेपलीकडे पोचतो. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबला तर आत काहीतरी आहे. नुसता मातीचा किंवा गांधीलमाशीच्या घरट्याचा बोळा असेल, किंवा दारू आणि गोळी. उकरून बघायचं नाही, उन्हात ठेवायची नाही, तापवायची नाही. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला बोलवा, नाहीतर पोलीस ठाण्याला कळवा.

पहिलीचा बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये बॅटरी मारा. दुसरीची तरफ खाली करून तसंच बघा. बोल्ट गंजून बसला असेल तर हातोडी मारू नका.

तोडेदार

लोहारसाळ यांचं झालं की मग पुढे.

वहीतले ४७ आणि ११२ हे दोन्ही बनावटीचे, म्हणजे कारखान्याने घातलेले, नंबर नव्हेत. ते पलटणीच्या कोठारातल्या मांडणीचे क्रमांक. प्रत्येक तुकडीत १ पासून सुरू होत, त्यामुळे ४७ नंबरच्या बंदुका शेकड्यांनी असणार. पितळी चकतीवर वरच्या ओळींत पलटणीची आद्याक्षरं असतात, ती नीट वाचा. बंदूक कुठल्या पलटणीत होती याचा धागा लागला तर तिथेच लागतो. पहिल्या महायुद्धात बऱ्याच रायफलींना चकती बसवणं थांबलं, म्हणून बऱ्याच दस्त्यांवर ती नसते. कधीकधी नुसती गोल खाच लाकडाने बुजवलेली दिसते.

दुसरी मार्टिनी-हेन्री. ब्रिटिश लष्कराने ती १८७१ मध्ये स्वीकारली. रोमन तीन म्हणजे मार्क तीन, एकटा १ म्हणजे पहिला दर्जा. तो नंबर समजून 'नं. १' लिहिलेल्या नोंदी सर्रास दिसतात. या सरकारी मार्टिनींना, त्याआधीच्या स्नायडरला आणि १८५३ च्या एनफिल्ड ठासणीला आजच्या अर्थाने बनावटीचा नंबरच नसायचा. तेव्हा ११२ वरून शोध घेऊन हाती काही लागायचं नाही. नोंद अशी करा: 'एनफिल्ड, १८८१, मार्क ३, कारखान्याचा क्रमांक नाही, तळपट्टीवर ११२'.

तिसरीवरचा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. पुढच्या पंजात मुकुट धरलेला असेल तर ओळख पक्की. साधारण १८०८ च्या आधी कंपनीची खूण वेगळी होती: चार भाग केलेलं बदाम आणि त्यात अक्षरं. हिलाही नंबर नाही, तेव्हा 'बिननंबरी' हे वहीतलं बरोबरच आहे.

राहिली पहिली. खरा शोध तिचाच.

खारवाट

तिसरीत गज पूर्ण आत जातो, निपलच्या रेषेपर्यंत. बाकी दोन रिकाम्या आहेत. पहिलीवर कुठे कुठे बघायचं?

तोडेदार

पहिली शॉर्ट ली-एनफिल्ड दिसते, म्हणजे १९२६ नंतरच्या नावाने नंबर १ रायफल. आकडे सहा ठिकाणी मिळतात.

बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याच्या) पुढच्या कड्यावर, उजवीकडे, नळी जिथे आत शिरते तिथे. हाच मुख्य.
नळीच्या जाड बुंध्यावर. त्यासाठी वरचं लाकूड काढावं लागतं.
बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी, मागच्या बाजूला.
नेम धरायच्या मागच्या निशाणीची पट्टी उभी केली की तिच्या खालच्या अंगाला.
तोंडाशी संगीन अडकवायचं जे लोखंडी टोपण असतं त्याच्यावर, आणि त्याच्या लगेच मागे लाकडाच्या खालच्या बाजूला.

हे सगळे जुळले तर बंदूक एकसंध आहे. टोपण किंवा पट्टी जुळली नाही तर मनावर घेऊ नका, दुरुस्तीत ते सुटे भाग अदलाबदल होतच. बोल्ट आणि बॉडी मात्र जुळायला हवेत. बोल्ट त्या बॉडीला घासून बसवलेला असतो. परका बोल्ट असेल तर काडतुसाच्या बुडाशी फट राहते, आणि असं हत्यार उडवायचं नसतं.

बॉडीवरचा नंबर जिथून वाचाल तिथूनच खाली, दांड्याच्या मुळाशी जे लोखंडी कडं दस्ता धरून ठेवतं, त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल आणि नमुना असतो. नंबरपेक्षा या ओळी जास्त बोलतात. तोच आकडा वेगवेगळ्या कारखान्यांत आणि वेगवेगळ्या सालांत पुन्हा येतो, म्हणून 'कारखाना, साल, अक्षर, आकडा' हे चारही एकत्र लिहिलं तरच एक बंदूक ठरते. आकड्याच्या आधीचं अक्षर गाळणं ही जुन्या परवान्यांतली नेहमीची गफलत.

मालवणी_माणूस

येक सांगूचा हा. बंदुकेक खोबऱ्याचा तेल लावतत, तां आधी बंद करा. पावसात तां खवट होता, धूळ धरता आणि बोल्ट चिकटान बसता. देवाच्या बंदुकेक कुंकू आणि तेल लागतलाच, पण पुसूक नको काय?

लोहारसाळ

@मालवणी_माणूस शंभर टक्के. खोबरेल जुनं झालं की आम्ल धरतं, वर हळदकुंकवाचा थर बसला की तो ओल धरून ठेवतो. खाऱ्या हवेत त्याच्याखाली लोखंडाला खड्डे पडतात आणि आकडे आधी जातात.

नंबर वाचण्यासाठी साफ करायची पद्धत:

मऊ कापडाने कुंकू आणि चिकटा रॉकेलने पुसा. गंजावर पातळ मशीन तेल सोडून एक दिवस-रात्र तसंच ठेवा. मग नायलॉनचा जुना दात घासायचा ब्रश. आकड्यांच्या खाचेतली घाण काढायला माडाच्या हिराची काडी तासून घ्या. लोखंडाला चरा पडत नाही आणि टोक बोथट झालं की पुन्हा तासता येतं. सुई, टोचा, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर यातलं काहीही नको. पॉलिश पेपरने गंज जातो, त्याच्याबरोबर पातळ ठसाही जातो, आणि पुढे कायद्याच्या भानगडी होतात त्या @दप्तरी सांगतीलच.

खडूची पूड आकड्यांवरून बोटाने घासा, वरची पुसून टाका. खाचेत पांढरं राहतं. खोली अंधारी करा, बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरा, आधी डावीकडून, मग वरून. एकाच दिशेने उजेड टाकला तर ३ आणि ८ सारखे दिसतात. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला तर सगळंच सपाट दिसतं, तो बंद ठेवा. बटर पेपर ठेवून शिसपेन्सिलने ठसा घ्या, तो नोंदवहीला जोडता येतो.

लाकूड खोलायचं झालंच तर एक धोका लक्षात घ्या. दस्ता काढण्यासाठी मागून लांब पेचकस घालून आतला बोल्ट (चेंबरमागचा नव्हे, दस्ता आवळणारा) फिरवतात. या रायफलीत त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि पुढच्या लाकडाच्या बुडाशी असलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता तो फिरवला की ते लाकूड चिरतं. तुम्हाला फक्त नंबर हवाय, तेव्हा दस्त्याला हातच लावू नका. लाकडाला हवं तर कच्चं जवसाचं तेल, तळहाताने चोळून. वॉर्निश नको.

अलिबागी

फोटो इथे टाकाल तेव्हा शेवटचे दोन आकडे झाका. आणि धाग्यावर कोणी किंमत विचारू नका. ही विक्रीची गोष्ट नाही.

सीमेपलीकडे

गोव्याच्या हद्दीवरच्या बांदा, सातार्डा पट्ट्यात आणखी एक भानगड. मुकुट दिसला की लोक इंग्रजी धरून चालतात. पोर्तुगालच्या लष्करी रायफलींवरही मुकुट असतो. ऑस्ट्रियातल्या स्टायरने बनवलेली १८८६ ची क्रोपाचेक आठ मिलिमीटरची आहे, तिच्यावर कारखान्याचं नाव आणि साल सरळ वाचता येतं. १९०४ ची माउझर-व्हर्गेरो साडेसहा मिलिमीटरची, जर्मनीत बनलेली, तिच्यावर राजा कार्लुशची आद्याक्षरं. नावातला 'पहिला' म्हणून तिथे एक उभी रेघ असते, ती नंबरातला १ समजून वाचू नये.

नागरी आकडे असले म्हणजे संस्थानी, असंही धरू नका. नेपाळात बनलेल्या मार्टिनी पद्धतीच्या बंदुकांवरही देवनागरी आकडे आणि अक्षरं असतात, आणि त्या बाजारातून कुठवरही पोचलेल्या असतात.

खारवाट

पहिलीचं वाचन झालं. दस्त्याच्या कड्यावर: मुकुट, जी.आर.आय., इशापूर, १९४२. बॉडीवर एक अक्षर आणि चार आकडे. बोल्टवर तेच. टोपणावर वेगळा आकडा, तो आडव्या रेघेने खोडलेला आणि शेजारी दुसरा. चकतीवर वरची ओळ घासलेली आहे, काही लागत नाही. मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवलेला आहे, तो काय प्रकार?

तोडेदार

ठोकळा! मग गोष्ट बदलली. कॅलिपर असेल तर नळीच्या तोंडाचं आतलं माप घ्या. पॉइंट थ्री-नॉट-थ्री असेल तर सात पूर्णांक सात मिलिमीटरच्या आसपास येईल. साडेदहाच्या जवळ आलं आणि आत पिळाच्या रेघा नसतील, तर ही पॉइंट चारशे दहा मस्केट. इशापूरने नंबर १ रायफलींपासून ती पहारेकरी, पोलीस यांच्यासाठी केली. एकावेळी एकच काडतूस, म्हणून मॅगझिन लाकडाने बुजवलेलं.

जी.आर.आय. हे भारतातल्या बनावटीला साजेसं आहे, 'आय' सम्राटपदाचा. वर बाणासारखी खूण आणि तिच्याखाली एकटा 'आय' दिसला तर ती भारतीय लष्करी मालकीची. प्रजासत्ताकानंतरच्या इशापूर रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात.

खोडलेला आकडा आणि शेजारी नवा, हा चोरीचा माल नव्हे. कारखान्यात सुटे भाग पुन्हा जुळवताना जुना नंबर एका रेघेने काटतात आणि नवा ठोकतात. जुना वाचता येतो हीच त्याची खूण. 'एफ.टी.आर.' आणि साल अशी अक्षरं आजूबाजूला असतील तर पूर्ण दुरुस्ती झालेली. फाईलने घासून सपाट केलेली जागा दिसली तर मात्र थांबा.

साल आणि राजा जुळतात का, हे नेहमी बघायचं. व्ही.आर. (व्हिक्टोरिया) १९०१ पर्यंत, ई.आर. (एडवर्ड) १९०१ ते १९१०, त्यानंतर जी.आर. (जॉर्ज). शॉर्ट ली-एनफिल्ड १९०३ च्या आधी नव्हतीच, मार्क तीन १९०७ चा. व्ही.आर. आणि १९०८ एकत्र दिसले, किंवा एनफिल्डमधलं एखादं इंग्रजी अक्षर उलटं उमटलं, तर ती सरहद्दीकडच्या गावठी कारागिरांची नक्कल. सजावटीसाठी ओतलेल्या नकलांत अक्षरांच्या कडा गोल आणि बुळबुळीत असतात. ठोकलेल्या अक्षराची कड तीक्ष्ण असते, आणि भोवतीचं लोखंड किंचित वर आलेलं बोटाला लागतं.

खारवाट

दहा पूर्णांक चार. आत गुळगुळीत.

अलिबागी

म्हणजे गावात 'थ्री-नॉट-थ्री' म्हणतात ती ती नव्हेच. बाकी घरोघरीही तेच. परवान्यावरची पॉइंट तीनशे पंधरा इशापूर रायफल ली-एनफिल्डच्याच धाटणीची, म्हणून तिलाही लोक थ्री-नॉट-थ्री म्हणतात. वाटणीच्या कागदात तसं लिहून ठेवलं की पुढच्या पिढीला घोर, कारण थ्री-नॉट-थ्री मनाई बोअरमध्ये (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापांत) येते.

दप्तरी

आता माझं. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचं कलम ८: हत्यारावरचं नाव, नंबर, खूण पुसणं, काढणं, बदलणं किंवा बनावट करणं गुन्हा. बिननंबरी किंवा खूण घालवलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती घालवली असं गृहीत धरतात, उलट सिद्ध करायचं त्याने. कायदा लागू होताना ज्यांच्याकडे आधीपासून बिननंबरी हत्यारं होती त्यांना त्या गृहीतकातून एक वर्ष मोकळीक होती. तेव्हा पॉलिश पेपर फिरवू नका, आणि 'वहीत ४७ आहे तर ४७ ठोकून घेऊ' असा शहाणपणा तर मुळीच नको. हत्यारावरचा नंबर तसाच ठेवून कागद दुरुस्त करायचा.

परवान्यावर चकतीचा नंबर पडला असेल तर शस्त्र शाखेकडे दुरुस्तीचा अर्ज करा. जोडा: बॉडीवरच्या नंबरचा ठसा, फोटो, चकतीचा वेगळा फोटो आणि जुन्या परवान्याची प्रत. पोलीस पाहणीचा अहवाल मागवला जातो. अहवालात 'चकतीवरील क्रमांक ४७ हा कोठार क्रमांक' हे शब्द यायला हवेत. नाहीतर पुढच्या नूतनीकरणाला हाच प्रश्न परत.

देवस्थानाच्या नावे परवाना आहे का?

खारवाट

परवाना मिळत नाही. जुने मानकरी म्हणतात, संस्थानी काळापासून आहेत.

सीमेपलीकडे

मार्टिनी आणि ठासणी तर पुराणवस्तू. त्यांना परवाना लागतच नाही ना?

दप्तरी

असं सरसकट नाही. कलम ४५(सी) ची सूट आहे ती जुन्या नमुन्याच्या, पुराणमूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्याराला, पण ते दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशा स्थितीत असेल तरच. नुसतं वय मोजून चालत नाही. तुमच्या ठासणीची नळी शाबूत असेल, निपल मोकळं असेल, तर ती वापरता येण्याजोगी ठरू शकते. ठरवायचं परवाना अधिकाऱ्याने, तज्ज्ञाच्या अहवालावर. १९४२ ची मस्केट तर बोल्टसकट शाबूत दिसते, तिला सुटीत बसवायचा विचार सोडा. 'डी.पी.' म्हणजे कवायतीपुरती, अशी अक्षरं काही रायफलींवर असतात. त्या अक्षरांनीही आपोआप सूट मिळत नाही.

ताबा कायदेशीर राहिला नसेल तर कलम २१ प्रमाणे हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. विश्वस्तांनी ठराव करून, स्वतः होऊन लेखी अर्जाने जा. अर्जात वर्णन तोडेदारांनी दिलं तसं घाला आणि पोच घ्या. पोचेवर तेच आकडे उतरले आहेत ना, ते तिथेच वाचा. 'जुनी बंदूक १' एवढ्यावर सही करू नका.

आता कागद शोधायचे कुठे. हत्याराचा विलायतेतला प्रवास आकड्यावरून लागत नाही. कुठल्या शिपायाच्या हातात होती वगैरे तर सोडूनच द्या. तिचा इथला प्रवास मात्र परवान्याच्या नोंदवहीत सापडू शकतो. त्यासाठी गाव संस्थानी होतं की खालसा (थेट इंग्रजी अमलाखालचं), हे आधी ठरवा. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आलं. मालवण, वेंगुर्ले, देवगड आधीपासून इंग्रजी रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. तेव्हा त्याआधीच्या परवान्यासाठी सिंधुदुर्गच्या मुख्यालयी ओरोसला अर्ज करून थांबू नका, दुसरा रत्नागिरीला करा. मुरूडकडच्यांनी जंजिरा संस्थान आणि जुना कुलाबा जिल्हा हे दोन्ही धरून शोधावं. संस्थानी काळासाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात राजकीय विभागाची दप्तरं आहेत. मराठी कागद मोडीत असतील, वाचणारा बरोबर न्या. मोडीतले आकडेही सवयीशिवाय चुकतात.

माहिती अधिकारात अर्ज करताना 'अमुक नंबरच्या बंदुकीची माहिती द्या' असं लिहिलं की 'आढळून येत नाही' हे उत्तर ठरलेलं. गाव, परवानाधारकाचं किंवा देवस्थानाचं नाव आणि अंदाजे वर्षं द्या, आणि नोंदवही पाहण्याची परवानगी मागा. नोंद ४७ खाली असेल, बॉडीच्या नंबराखाली असेल, किंवा नुसती 'मस्केट' म्हणून असेल. तिन्ही शोधा.

खारवाट

विश्वस्तांचा ठराव झाला, अर्ज उद्या जाईल. नोंदवहीत अशा ओळी घातल्या आहेत:

'१. मस्केट, बोल्टची, इशापूर १९४२, जी.आर.आय., नळीचं तोंड १०.४ मिमी, आत गुळगुळीत. क्रमांक बॉडीवर व बोल्टवर एकच (ठसा जोडला). टोपणावर जुना क्रमांक खोडून दुसरा. चकतीवर ४७, कोठार क्रमांक.
२. मार्टिनी-हेन्री, एनफिल्ड १८८१, मार्क ३. कारखान्याचा क्रमांक नाही. तळपट्टीवर ११२.
३. ठासणीची, टोपीची, लॉकवर कंपनीचा सिंह. क्रमांक नाही. नळी रिकामी.'

तोडेदार

पहिलीत 'टोपणावर दुसरा' म्हणजे कुठला ते लिहा. बॉडीशी जुळतो की नाही? जुळत असेल तर टोपण बदलून याच बंदुकीला बसवलेलं, नसेल तर ते आणखी तिसऱ्या बंदुकीवरून आलेलं. तिसरीत लॉकच्या पत्र्याची आतली बाजू राहिली. दोन पेच काढले की पत्रा निघतो, आत कारागिराची अक्षरं असू शकतात. पेच वाकड्या पेचकसाने मारू नका, खाच बिघडली तर कायमची.

लोहारसाळ

आणि ते पोलीस पाहणीनंतर. आधी खोललंत तर 'छेडछाड' लिहून मोकळे होतील.